तीन अखंड रताळी

“अम्माजी नहीं दिखतीं आजकल?” रताळेवाल्यानं विचारलं आणि अश्लेषानं ठरलेलं उत्तर दिलं, “नहीं रहीं. मई में.” गेल्या सहा महिन्यांत हे उत्तर तिनं इतक्या वेळा दिलं होतं की ते जुन्या लाटण्यासारखं गुळगुळीत झालं होतं. त्यावर समोरचा माणूस दोन वाक्यं बोलायचा, ती मान हलवायची आणि स्कूटर सुरू करायची. उद्याच्या ग्यारशीसाठी, म्हणजे कार्तिकी एकादशीसाठी, नया बाज़ारात उसाच्या मोळ्या भिंतींना टेकून उभ्या होत्या, शिंगाड्यांचे काळे ढीग लागले होते. आपण इथं का थांबलो हे तिला नीटसं सांगता आलं नसतं. ती एकादशी करत नव्हती. आई करायची. घरात आता रताळं खाणारं कुणी नव्हतं. पण या माणसानं ती दोन वाक्यं म्हटलीच नाहीत. त्यानं तराजू खाली ठेवला आणि म्हणाला, “पिछले साल ग्यारस को दो बार आई थीं. सुबह सिंघाड़ा ले गईं. दोपहर को फिर आईं, हाथ में उबली शकरकंद का टुकड़ा. अंदर से एकदम गाजर जैसा. बोलीं, भैया, ऐसी तीन दे दो. मैंने कहा अम्मा, ऐसी तो मैंने देखी नहीं. तो मुझे चखाई. सूखी, मावे जैसी. फिर बाहर का छिलका मिला-मिला के तीन छाँटीं, पूरा आधा घंटा. मैंने कहा, अम्मा, शकरकंद ले रही हो कि दामाद?” तो हसला आणि लगेच थांबला. “हँसी नहीं उस दिन. वैसे हँसती थीं.”

अश्लेषानं अर्धा किलो रताळी घेतली, का घेतली कोण जाणे, आणि निघाली. इंदरगंजच्या चौकापर्यंत तिला फक्त राग आला होता, आणि तोही विचित्र. आपल्याला ठाऊक नसलेली आई या माणसाजवळ एक वर्ष पडून होती आणि त्यानं ती अशी सहज, मापाबरोबर, उचलून दिली. आई कधीपासून भाजीवाल्याला काही चाखवायला लागली? ती तर शेजारच्या घरी वाटी पाठवताना वरून झाकण, झाकणावर रुमाल असं करून पाठवायची. आणि तीनच का? दोन माणसांच्या घरात आई रताळी नेहमी अर्धा किलो घ्यायची. ती मोजून घेत नसे. चौकात गाड्या अडकल्या होत्या, मागून टेंपोवाला हॉर्न वाजवत होता, पुढच्या माणसाच्या खांद्यावरचा ऊस तिच्या हेल्मेटला घासत होता. तीन, ती पुन्हा मनात म्हणाली. आतून गाजरासारखं, बाहेरून जुळवून घेतलेलं, तीन. आणि तेवढ्यात तिला एक आकडा आठवला, एकशे अठरा. पुढची गाडी हलली तरी तिचा पाय जमिनीवरून उचलला जाईना.

शहराबाहेरच्या ज्या कृषी केंद्रात ती नोकरी करत होती तिथं रताळ्याच्या नव्या जाती तयार करण्याचं काम चालायचं. हेमेंद्र शेतात संकर करायचा, दरवर्षी शेकडो नवे वेल वाढवायचा, आणि त्यांतल्या कोणत्या वेलाच्या रताळ्यात सत्त्व आहे हे अश्लेषानं सांगायचं. पूर्वी एकेका नमुन्याला दोन-दोन दिवस लागत. वाळवा, दळा, द्रावणात घोळा, मोजा. आता यंत्र आलं होतं. चिरलेलं रताळं त्याखाली धरायचं, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश त्यावर पडून परत यायचा, आणि अर्ध्या मिनिटात यंत्र सांगायचं की यात केशरी द्रव्य किती, कोरडेपणा किती. लहान मुलांचे डोळे राखणारं ते केशरी द्रव्य. हेमेंद्रला केशरी रताळं हवं होतं आणि तेही पाणचट नको होतं, कारण इकडची माणसं पाणचट रताळं तोंडात धरत नाहीत, आणि ही दोन्ही लक्षणं एका वेलावर येता येत नव्हती. मात्र यंत्राला आधी शिकवावं लागतं. शे-दीडशे नमुने घ्यायचे. प्रत्येकाची सहा रताळी. तीन चिरून यंत्राखाली, तीन अखंड ठेवून रसायनशाळेत जुन्या पद्धतीनं मोजायची. मग यंत्राला सांगायचं, हा प्रकाश म्हणजे हा आकडा. “यंत्र विद्यार्थी, रसायनशाळा मास्तर,” असं ती दर नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगायची. गेल्या वर्षीच्या आलेखात सगळे ठिपके तिरप्या रेषेला धरून बसले होते आणि एकशे अठरा एकटाच, पंगतीतून उठून गेलेल्या माणसासारखा, लांब उभा होता. यंत्र म्हणत होतं भरपूर केशरी. रसायनशाळा म्हणत होती जवळजवळ काहीच नाही. तिच्या हाताखाली पीएचडी करणारी प्रांजली तेव्हा म्हणाली होती, “मॅम, ११८ हटा दूँ क्या? सगळा फिट बिघडवून राहिलाय.” आणि अश्लेषा म्हणाली होती, “गैरसोयीचा आहे म्हणून काढायचा नाही. मास्तरांचा आकडा खरा.” रसायनशाळेच्या आकड्यावरूनच हेमेंद्रनं एकशे अठराचा वेल यादीतून उडवला होता.

गेल्या वर्षी कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, केंद्रातली वीज गेली आणि थंड खोली तापायला लागली. सोमवारी मोजायचे चाळीस नमुने तिनं गाडीत घालून घरी आणले आणि मागच्या बाल्कनीत, सावलीत, ओळीनं ठेवले. जाळीच्या चाळीस पिशव्या, प्रत्येकीत तीन अखंड रताळी आणि एक चिठ्ठी. नमुने केंद्राबाहेर न्यायचे नाहीत असा नियम होता, आणि तो तिनंच लिहिला होता. पण अशाच जाळीच्या पिशव्या ती एरवीही घरी आणायची, काम संपल्यावर उरलेल्या रताळ्यांच्या. “आई, ही घे, आता कामाची नाहीत,” असं म्हणून ओट्यावर ठेवायची. म्हणजे आईला इतक्या वर्षांत जाळीच्या पिशवीचा एकच अर्थ ठाऊक होता. शनिवारी सकाळी ती जनरेटरवाल्यासाठी केंद्रात धावली तेव्हा आई देवाजवळ होती. दुपारी बाराला तिनं फोन केला. “आई, बाल्कनीतल्या पिशव्यांना हात लावू नकोस हं, त्या सोमवारच्या आहेत.” पलीकडे जरा थांबून आई म्हणाली, “बरं.” त्या थांबण्यात कुकरची वाफ निघून गेल्याचा आवाज होता का? आता तिला तो स्पष्ट ऐकू येत होता, आणि म्हणूनच त्याचा भरवसा वाटत नव्हता. संध्याकाळी ती घरी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, “हात लावला नाहीस ना?” आई म्हणाली, “नाही.” ताटात साबुदाण्याची खिचडी होती, शिंगाड्याची थालीपिठं होती. “खीर नाही केलीस? दर एकादशीला करतेस.” “रताळी चांगली मिळाली नाहीत गं बाजारात,” आई म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. पाण्याचा तांब्या ताटाजवळच होता. हे आत्ता आठवत होतं की आत्ता रचलं जात होतं?

केंद्रावर पोचल्यावर तिनं संगणक लावला, तो आलेख उघडला आणि त्या एकट्या ठिपक्याकडे बघत बसली. घरी आणलेले चाळीसच्या चाळीस शोधले. एकोणचाळीस रेषेवर होते. हेमेंद्रला फोन करायला एक मिनिट लागलं असतं. जेवणाच्या सुट्टीनंतर तो नर्सरीत रोटाव्हेटर फिरवून जुने वेल मातीत मिसळणार होता, कारण उद्या ग्यारस, मजूर येणार नव्हते आणि नव्या वेलांना जागा हवी होती. यादीतून उडवलेले वेल तो वर्षभर एका कडेच्या ओळीत ठेवायचा, आणि आज ते वर्ष संपत होतं. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. उठून बाटलीतलं पाणी प्यायली. तिनं मनातल्या मनात आईला विचारायला सुरुवात केली. केव्हा लक्षात आलं तुझ्या? मग तेव्हाच का फोन नाही केलास? चिठ्ठी दिसली नाही? दिसली तर वाचली का नाही? आणि पाचव्या-सहाव्या प्रश्नाला ती थबकली, कारण हे प्रश्न तिला पाठ होते. हेच तिचं रागावणं होतं. ती कधी ओरडली नव्हती, आईवर तर नाहीच. ओरडणारी माणसं बरी, दहा मिनिटांत मोकळी होतात. तिचा आवाज उलट खाली जायचा, फार सभ्य व्हायचा, आणि एकेक प्रश्न स्वच्छ पुसून समोर ठेवला जायचा. फार पूर्वी एकदा आईनं तिच्या टेबलावरची बियांची पुडी केर समजून टाकली होती. तेव्हा सत्तरीला आलेली आई स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक धरून उभी राहून उत्तरं देत होती. हो. सकाळी. नाही, उघडून नाही पाहिली. चुकलं. अश्लेषानं शेवटी “असू दे” म्हटलं होतं आणि आपण किती संयमानं वागलो याचं तिला तेव्हा थोडं बरंही वाटलं होतं.

आईनं बाराच्या फोननंतर काय केलं असेल ते तिला आता एकामागून एक दिसू लागलं, आणि दिसणं थांबवता येईना. उकडलेली तीन रताळी. त्यांतल्या एकाचं सालासकटचं टोक कापून, कागदात गुंडाळून, एकादशीच्या उपाशी पोटी, गुडघे दुखत असताना भर दुपारी नया बाज़ारपर्यंत. त्या रताळ्याच्या तांबूस सालीला साल लावून बघत अर्धा तास उभं राहणं. परत येऊन तीन नवी रताळी जाळीत घालून चिठ्ठीसकट तोंड बांधणं. उकडलेल्यांचं काय केलं? टाकली नसणार. आई अन्न टाकत नव्हती. एकटीनं उभ्या उभ्या खाल्ली असतील, घाईघाईनं, मुलगी यायच्या आत. चव घेतली होतीच तिनं, नाहीतर दुसऱ्याला चाखवली नसती. आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत तीन-चारदा विचारलं होतं, “तुझ्या त्या रताळ्यांचं काही लागलं का गं?” आणि आपल्याला वाटलं होतं, म्हातारपणी माणसाला काहीतरी विचारायला हवं असतं. शेवटचं विचारलं ते कंपू भागातल्या हॉस्पिटलात, नाकात नळी असताना. अश्लेषा सलाइनच्या थेंबांकडे बघत होती. “लागलं, आई. छान आलंय सगळं,” ती म्हणाली होती. काहीच छान आलं नव्हतं, तिला त्या क्षणी आलेख आठवतसुद्धा नव्हता. आईनं भिंतीकडे मान वळवली. ती सुटल्यासारखी वळवली की आपण दोघी एकमेकींशी खोटं बोलतो आहोत हे कळून वळवली? त्या मान वळवण्याचा दुसरा नमुना कुठंच शिल्लक नव्हता.

मग तिच्या मनात एक साधी सोय आली. कुणाला काही सांगायचंच नाही. नुसतं नर्सरीत जायचं, एकशे अठराचे चार वेल कापून आणायचे, कुंडीत लावायचे, पुढच्या हंगामात गुपचूप मोजायचे. आईनं सहा महिने जिवापाड झाकून ठेवलेली गोष्ट ती गेल्यावर आपण नोंदवहीत कशाला लिहायची? शिवाय चाळीस नमुने घरी नेले होते असं कबूल केलं की चाळीसही रद्द. या महिन्यात आपलं हे शिकवलेलं यंत्र आणखी तीन केंद्रं वापरायला घेणार होती, ते थांबणार. प्रांजलीचा प्रबंध जानेवारीत जाणार होता, त्यातलं शेवटचं प्रकरण यावरच उभं होतं. सोय चांगली होती. फक्त ते यंत्र तीन केंद्रांवर एक खोटी गोष्ट शिकून जाणार होतं, आणि ती दर वर्षी नव्या मुलीला मास्तर-विद्यार्थी सांगत राहणार होती. सव्वा तास गेला. शेतावर डिझेलचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती जागची उठली.

हेमेंद्र बांधावर उभा राहून ड्रायव्हरला हातवारे करत होता. त्याच्या घराण्यात तीन पिढ्या फौजेत गेल्या होत्या, आणि तो वेलांशीही हुकमी आवाजात बोलतो अशी केंद्रात थट्टा होती. “या, या, अश्लेषाजी! आज साहेब खुद्द चिखलात? कुणाला फाशी द्यायची?”

“एकशे अठरा ठेवा,” ती म्हणाली. तिला धाप लागली होती. “ती ओळ नका मारू.”

“एकशे अठरा?” त्यानं ड्रायव्हरला थांबायची खूण केली, खिशातून वही काढली. “तो तर तुम्हीच मारलेला आहे, मॅडम. तुमचाच आकडा, शून्याच्या जवळ.”

“आकडा चुकीचा आहे.”

“तुमचा आकडा?” तो मिशीत हसला. “आज ऊस उलटा उगवला वाटतं. बरं, ठेवतो. चार वेलांनी काय होतंय? पण कारण काय टाकू? वर यादी जाते, डायरेक्टर विचारतात.” मग त्यानंच तोड काढली. “लेबलची गडबड, असं लिहू? त्या प्रांजलीनं चिठ्ठ्या इकडच्या तिकडे केल्या असतील. पोरगीच आहे, कुणी काही म्हणणार नाही.”

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तो मदतच करत होता. इंजिन नुसतं धडधडत होतं आणि त्याच्या पायाशी, कडेच्या ओळीत, बदामाच्या आकाराच्या पानांचे वेल पसरले होते. वेल सतत छाटून कोवळे ठेवलेले होते, त्यांना कंद धरलेले नव्हते. त्यांतला एकशे अठरा कोणता हे चिठ्ठीशिवाय कुणालाच सांगता आलं नसतं.

“प्रांजलीनं काही केलं नाही,” ती म्हणाली. “मी नमुने घरी नेले होते. वीज गेली तेव्हा. घरी सांगून ठेवलं नव्हतं. माझ्या आईनं एकशे अठरा उकडून खाल्ली आणि बाजारातून दुसरी आणून ठेवली.”

हेमेंद्र हसला. मग तिचा चेहरा बघून त्यानं हसणं गिळलं. तेराव्याला तो आला होता, पंगतीत आग्रह करत फिरला होता.  मग अगदी खालच्या आवाजात, चोरून विचारल्यासारखं म्हणाला, “कशी होती? म्हणजे… खाऊन काही म्हणाल्या का त्या? पाणचट होती?”

“केशरी होती. आणि कोरडी. माव्यासारखी, म्हणे.”

“माव्यासारखी,” तो म्हणाला. त्यानं वाकून एक पान उलटं केलं, उगीचच. “आधी मी प्रत्येक वेलाचं एक रताळं स्वतः कापून बघायचो. कच्चं चावायचो. तुमचं यंत्र आलं तसं सोडलं. माव्यासारखी…” मग एकदम वळून ड्रायव्हरवर ओरडला, “बंद कर! बंद कर उसको! पूरी लाइन छोड़ दे!”

त्याच्या वहीत तिनं स्वतः लिहिलं. चाळीस नमुने नियम मोडून घरी नेले, त्यांतला एक खाल्ला गेला, तो बदलला गेला. चाळीसही रद्द समजावेत. कुणी खाल्ला ते लिहावं की नाही, यावर पेन थांबलं. लिहिलं तर आईचं नाव केंद्राच्या कपाटात जाणार होतं, न लिहिलं तर आईची ती दुपार कुठंच राहणार नव्हती. तिनं लिहिलं, ‘माझ्या आईने, शरयूबाईंनी, न कळून.’ ‘न कळून’ खोडावंसं वाटलं, कारण नंतरचं सगळं कळूनच होतं. तिनं खोडलं नाही. खाली सही करून तिनं वही त्याला परत दिली.

हे सगळं प्रांजलीला सांगणं जास्त अवघड होतं. ती रसायनशाळेत खिडकीजवळ काचेच्या नळ्या धुऊन पालथ्या घालत होती. अश्लेषानं उभ्यानंच, एका दमात सांगितलं. रताळेवाला, एकादशी, चाळीस नमुने, तीन केंद्रं, प्रबंध. जानेवारी नाही जमणार, बहुतेक जूनसुद्धा नाही.

“जून भी नहीं?” प्रांजलीच्या हातातून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. “मॅम, घरी मी तारीख सांगून ठेवली आहे. सासरच्यांना पण.” तिनं हातातली नळी पालथी घातली. “आंटींनी तेव्हाच का नाही सांगितलं पण? एवढीशी गोष्ट होती. उसी दिन बोल देतीं तो हम दूसरी खोद लेते.”

“मी विचारलं होतं तिला.”

“मग?”

“मी कशी विचारते, तुला माहीत आहे.”

सभ्यपणा म्हणून तरी प्रांजली ‘तसं काही नाही, मॅम’ असं म्हणेल, अशी तिनं नकळत वाट पाहिली. प्रांजली तसं म्हणाली नाही. तिनं नळ बंद केला. नळ्या ठेवायच्या जाळीवर एक नळी तिरकी होती ती सरळ केली, मग पुन्हा तिरकी केली. तिचे कान लाल झाले होते.

“मॅम,” ती म्हणाली, “फरवरी में… तुम्ही भोपाळला होता. सात नंबरचा ट्रे माझ्या हातून पडला होता. पाच नमुन्यांची पूड. सगळी मिक्स झाली.”

अश्लेषाला आपला आवाज खाली जाताना जाणवला. तो निघालाच होता, स्वच्छ पुसलेला, सभ्य. कोणते पाच? किती वाजता? तेव्हा कुणी होतं? नोंद का नाही केलीस? जिभेशी येऊन ते ओळीनं उभे राहिले. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की अशा वेळी बोलायला या प्रश्नांखेरीज आपल्याजवळ एकही वाक्य नाही. आयुष्यभरात एकही गोळा केलेलं नाही. तिनं टेबलाखालचं स्टूल पायानं ओढलं. या खोलीत ती कधी बसत नसे. ती बसली.

प्रांजली ओल्या हातांनी ओढणीचं टोक धरून प्रश्नाची वाट पाहत उभी होती. बाहेर इंजिन बंद झालेलं होतं आणि मजूर उद्याच्या सुट्टीचं काहीतरी मोठमोठ्यानं बोलत फाटकाकडे चालले होते. प्रश्न आला नाही. मग प्रांजलीनं ओढणी सोडली, समोरचं दुसरं स्टूल घेतलं आणि अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, पहिल्यापासून सांगायला लागली.